माळ्यावर सापडलेली दुनळी

प्रश्न : आमचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघालाय. माळा रिकामा करताना गोधडीत गुंडाळलेली आजोबांची बंदूक निघाली. नळ्या आणि लाकडी दस्ता वेगवेगळे आहेत. नळ्या दोन, शेजारी शेजारी, आणि बाहेर दोन घोडे. नळ्यांवर बारीक लाटांची नक्षी दिसते. खालच्या बाजूला इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल', '१२ बी', '१४ एम' असं ठोकलंय. सोबत सात लाल कागदी काडतुसं आणि टेबलाला आवळायचं, हँडल फिरवायचं एक छोटं पितळी यंत्र आहे. आई म्हणते, शेवयांचं असेल. आजोबा १९८१ मध्ये गेले. लायसन्सचं पुस्तक सापडत नाही. भावाचं म्हणणं, शंभर वर्षांवर जुनी आहे, लायसन्स लागत नाही, घासूनपुसून दिवाणखान्यात लावू. काका म्हणतात, मुठेत टाकून या. काय करावं?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. आणि भावाच्या हातात पॉलिशपेपर मुळीच देऊ नका, ही कळकळीची विनंती.

तुम्हाला दिसलेली नक्षी वरून काढलेली नाही, ती नळीच्या अंगातलीच आहे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या सळ्या एकत्र तापवून सुंभासारख्या पिळायच्या, त्यांची पट्टी करायची, ती गजाभोवती गुंडाळायची आणि ठोकून ठोकून एकजीव करायची. मग गज काढून नळी आतून तासायची. या नळीला डमास्कस म्हणतात. पिळाच्या रेषा वरच्या तपकिरी रंगामुळे उठून दिसतात. आमच्या घरीही अशी एक होती. मी बारा वर्षांचा असताना दसऱ्याच्या शस्त्रपूजेआधी काकांना तो रंग गंज वाटला आणि त्यांनी दुपारभर घासून नळी पांढरीफटक केली. पाटावर ठेवली तेव्हा सगळ्यांना ती नवी दिसली. आजोबा मात्र तिच्याजवळ आले नाहीत.

आता त्या अक्षरांविषयी. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. चौदा गोळ्या केल्या की प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून चौदा बोअर नळी अरुंद, सुमारे १७.६ मिलिमीटर. 'बी' म्हणजे बोअर आणि 'एम' म्हणजे मझल, नळीचं तोंड. तुमच्या बंदुकीची नळी मागे बारा आणि तोंडाशी चौदा आहे. छर्रे फार फाकू नयेत म्हणून तोंड असं आवळलेलं असतं. अशा नळीतून अख्खी गोळी मारली तर ती तोंडाशी अडकायची, म्हणून इंग्लंडमधल्या तपासणी घरांनी 'नॉट फॉर बॉल' हा इशारा ठोकायला सुरुवात केली. तो १८७५ ते १८८७ एवढ्याच काळात ठोकला जात होता. म्हणजे बंदुकीचं वय तुमच्या हातातच लिहिलेलं आहे.

त्या काळची दारू काळी : पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. नंतरच्या बिनधुराच्या दारूचा दाब या नळ्यांसाठी नाही. शिवाय पिळाच्या सांध्यांत आतून गंज धरला असेल तर तो बाहेरून कळत नाही. म्हणून 'एकदा बार काढून बघू' असं कोणी म्हटलं तर त्याला तिथंच थांबवा. काडतुसांच्या पितळी बुडावर 'के एफ' अक्षरं असतील तर ती आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. १८६९ पासूनचा तो कारखाना, मी तिथं तेहेतीस वर्षं काढली. दमट हवेनं कागद फुगला असेल. ती उकलू नका, जाळू नका, कचऱ्यात टाकू नका. बंदुकीबरोबरच जमा करा.

आणि ते यंत्र शेवयांचं नव्हे. तुमचे आजोबा काडतुसं घरी भरत असणार. बुडात ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, दारू मापून घालायची, नमद्याचा बूच दाबायचा, छर्रे, वर पुठ्ठ्याची चकती. मग काडतूस यंत्रात धरून हँडल फिरवलं की कागदाची कड आत वळते, करंजीला मुरड घालतात तशी. यंत्रात कुठं लाल कागदाचा तुकडा अडकलाय का, बघा.

लायसन्सबद्दल भावाचा समज चुकीचा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्यारांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशांना. नुसतं वय पुरत नाही. लायसन्सधारक गेल्यावर वारसानं बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. उशीर झालाय, तरी आता लपवू नका. पिशवीत घालून रिक्षानं नेऊही नका. वकिलाला विचारून ठाण्यात लेखी कळवा, ती कुठं आणि कशी सापडली ते लिहा, त्यांना घरी येऊन घेऊ द्या. नदीत टाकली तर उद्या ती कोणाच्या हाती लागेल, याचा काकांनी विचार करावा.

पावतीवर बनवणाऱ्याचं नाव, नंबर, दोन्ही घोडे, दस्त्याची अवस्था, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. हे अनुभवानं सांगतो. आमची बंदूक एका ठिकाणी जमा होती. एकोणीस वर्षांनी परत मिळाली तेव्हा दस्ता वाळवीनं पोखरलेला आणि एक घोडा गायब. पावतीवर फक्त 'बंदूक १ नग' एवढंच लिहिलेलं, मग भांडणार कशाच्या जोरावर? वारस म्हणून लायसन्ससाठी तुम्हाला पोलीस आयुक्तालयात अर्ज करता येईल. ते नको असेल तर परवानाधारकाला विकता येते. फार काळ काहीच केलं नाही तर ती सरकारजमा होऊ शकते.

एक काम मात्र आजच करा. आईला आणि काकांना बसवून विचारा : आजोबा कोणत्या रानात जात, जनावर उठवायला हाका कोण घालायचं, मटणाचे वाटे कसे पडायचे? आमच्या मुळशी खोऱ्यात रानडुक्कर पडलं की ज्याचा पहिला बार लागला त्याला मुंडकं, हाकाऱ्यांना सारखे वाटे आणि एक वाटा देवाचा. म्हातारी माणसं हे वाटे बोटांवर मोजून दाखवायची. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर परवाने आवळत गेले, १९९१ मध्ये शिकारीचे परवानेच संपले, आणि ते व्हायलाच हवं होतं. रानात उरलं होतं काय? पण कोणी कुठं बसायचं, वारा कसा बघायचा, जखमी जनावर सोडून घरी यायचं नाही, ही माहिती ज्यांच्याकडे आहे ती माणसं आता नव्वदीत आहेत. वाडा पडायच्या आत लिहून घ्या.

प्रश्न : माझे वडील शिकारी होते. तेरा वर्षांच्या मुलीला नेम धरायची फार ओढ आहे. तिला शिकवावं का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : जरूर शिकवा. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात नेमबाजीचं केंद्र आहे, तिथं घेऊन जा. सुरुवात दहा मीटरच्या एअर रायफलनं होते. तिची गोळी साडेचार मिलिमीटरची आणि लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पॅरिसला २०२४ मध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं अशा तीन पवित्र्यांत तो खेळतो. तुमच्या वडिलांनाही हे तिन्ही पवित्रे येत असणार. ते असतील तर पहिल्या दिवशी त्यांना बरोबर न्या. लगेच रायफल विकत घेऊ नका. सुरुवातीला गोळी न घालता नुसतं धरणं, श्वास सोडणं आणि चाप दाबणं चालतं. त्याचा कंटाळा आला नाही, तर पुढच्या खर्चाचं बघू.