बाबांच्या मागचे कागद: वकील न लावता

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बाबा गेले, आता वारसांच्या नावावर करायचं ते एवढं: दोन बँक खाती, पोस्टातली ठेव, पीएफ, स्कूटर आणि घर. तुमच्यात वाद नाही आणि वारसांत कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालचं) नाही, तेव्हा एवढ्यासाठी वकील लागणार नाही. ही कामं अडतात ती बहुतेक वेळा नावातल्या फरकामुळे आणि राहून गेलेल्या सहीमुळे. म्हणून कुठल्याही काउंटरवर जाण्याआधी घरी बसून वारसांची यादी कर.

मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे बाबांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि बाबांची आई यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे तुझ्या घरी आई, तू, ताई आणि आजी, प्रत्येकी एक चतुर्थांश. ताई लग्न होऊन पुण्याला गेली म्हणून तिचा हक्क कमी होत नाही. आजीला मात्र बहुतेक घरं विसरतात, आणि ते पुढे फार जड जातं. हे काम लांबलं आणि मधेच आजी गेल्या, तर त्यांचा वाटा त्यांच्या इतर मुलामुलींकडेही जाईल. मग सगळ्या काका-आत्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागेल. आजींची सही थरथरत असेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो. ते आधी उरकून घे.

आता नावं. आपल्या मराठी घरांत ही अडचण ठरलेलीच. बाबांच्या एका कागदावर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, आणि निगमच्या (महापालिकेच्या) हिंदी रजिस्टरात दत्तात्रयचं दत्तात्रेय झालेलं. आईचं तर लग्नात नावच बदललेलं असू शकतं: जुन्या नॉमिनेशनमध्ये एक, आधारवर दुसरं. असे सगळे फरक शोध आणि ‘या दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरी केलेलं शपथपत्र आधीच करून ठेव. स्टाम्प किती रुपयांचा ते त्या दिवशी नोटरीलाच विचार, दर बदलतात.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. दवाखान्यात झाला असेल तर दवाखाना कळवतो. घरी झाला असेल तर आपण २१ दिवसांच्या आत कळवायचं, आणि तेव्हा मुक्तिधामची (स्मशानाची) पावती उपयोगी पडते. ३० दिवस उलटले की वरिष्ठांची परवानगी लागते. प्रमाणपत्र हातात येताच नाव, वडिलांचं नाव आणि तारीख आधारशी ताडून बघ. चूक तिथल्या तिथे सुधारणं सोपं. तेच प्रमाणपत्र चार कचेऱ्यांत दिल्यावर अवघड.

बाबांचं एटीएम कार्ड आणि यूपीआय वापरू नका, पिन ठाऊक असला तरी. मृत्यूनंतर काढलेला पैसा पुढे एखाद्या वारसाच्या मनात शंका उभी करतो. सिम मात्र काही महिने चालू ठेव. विम्याच्या हप्त्याचे किंवा विसरलेल्या ठेवीचे मेसेज त्यावरच येतात. पासबुकात ४३६ रुपये आणि २० रुपये अशा वार्षिक कपाती शोध. पहिली पंतप्रधान जीवनज्योती विम्याची, दुसरी पंतप्रधान सुरक्षा विम्याची. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर २ लाख मिळतात, दुसऱ्यात फक्त अपघाती मृत्यूवर. ही रक्कम दावा केल्याशिवाय येत नाही.

बँकेत नॉमिनी असेल तर दावा अर्ज, मृत्यू प्रमाणपत्र आणि नॉमिनीचं ओळखपत्र पुरतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेऊन वारसांना द्यायला बांधलेला असतो. नॉमिनी नसेल, तरी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टाचं प्रमाणपत्र किंवा तिऱ्हाईत जामीन मागायचा नाही. इंडेम्निटी बाँड (पुढे दुसरा कोणी हक्क सांगितला तर बँकेचं नुकसान भरून देण्याची लेखी हमी), बाकी वारसांची ना-हरकत आणि वारस कोण हे सांगणारं शपथपत्र लागतं. हे शपथपत्र कुटुंबाला ओळखणाऱ्या, पण वारस नसलेल्या माणसाचं चालतं. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. म्हणून अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय उठू नकोस. कोणी जास्तीचा कागद मागितला तर नम्रपणे म्हण, ‘हे लिहून द्या.’ मुदत ठेव मृत्यूमुळे आधी मोडली तर दंड लागत नाही.

पोस्टात नॉमिनी नसेल तर ५ लाखांपर्यंत कोर्टाविना मिळतात, पण मृत्यूनंतर सहा महिने थांबावं लागतं.

बाबा नोकरीत असतानाच गेले, म्हणून पीएफबरोबर विम्याची रक्कम (जास्तीत जास्त ७ लाख) आणि आईचं पेन्शन यांचाही दावा कर. मृत्युदाव्याचा एकत्रित फॉर्म असतो. तुझं वय पंचवीसच्या आत असेल तर मुलांच्या पेन्शनचा रकानाही भर. तो पुष्कळदा कोरा राहतो.

स्कूटरसाठी आरटीओला ३० दिवसांत मृत्यू कळवायचा आणि तीन महिन्यांत नमुना ३१ (गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज) भरायचा. विमाही नव्या नावावर करून घे. जुन्या नावावर अपघात झाला तर दावा अडतो.

घराचं काम सर्वांत सावकाश कर. निगमच्या झोन कार्यालयात संपत्तिकराच्या खात्याचं नामांतरण होतं. रजिस्ट्रीची (नोंदलेल्या खरेदीखताची) प्रत, भरलेल्या कराच्या पावत्या, मृत्यू प्रमाणपत्र आणि वारसांचं शपथपत्र बरोबर ने. मग नर्मदेच्या नळाचं कनेक्शन आणि वीज. पण हे नामांतरण फक्त कराची नोंद आहे, त्याने कोणी मालक होत नाही. ताई आणि आजी आपला वाटा आईला द्यायला तयार असतील, तर नोटरीपुढची ना-हरकत इथे कुचकामी. हक्कत्याग पत्र उपपंजीयकाकडे (दुय्यम निबंधकाकडे) नोंदवावंच लागतं. हे न केल्यामुळे वीस वर्षांनी घर विकताना खरेदीदाराची बँक कर्ज अडवते. गावाकडे शेती निघाली तर तहसिलीत फौती नामांतरणाचा (मृताच्या जागी वारसांची नावं लावण्याचा) अर्ज वेगळा करायचा.

आयकराच्या पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंद कर आणि मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र लागतं का ते बघ. परतावा येणार असेल तर पॅन त्याआधी परत करू नकोस. कर्ज असेल तर वारस मिळालेल्या मालमत्तेपुरतेच जबाबदार असतात. वसुलीवाल्याच्या सांगण्यावरून कुठल्याही नव्या कागदावर सही करू नका.

एखादा जुना मृत्युपत्राचा कागद निघाला आणि त्यावर कोणी शंका घेतली, तर मात्र थांब आणि वकिलाकडे जा.

चौघांची नावं आधारवर आहेत तशी आणि प्रत्येक पासबुकावर, पॉलिसीवर जशी छापली आहेत तशी एका कागदावर लिहून मला पाठव. ना-हरकतीचा मसुदा त्यावरून करून देतो. आजींना नमस्कार सांग.