डॅनिश नाटककार होल्बर्गच्या ‘एरास्मुस मोंतानुस’ या नाटकात टर कोणाची उडवली आहे, शिकलेल्या मुलाची की अडाणी गावाची?

दोघांचीही. पण माझ्या मते जास्त झोडपलंय ते मुलाला, आणि त्याची तीच लायकी आहे.

रास्मुस बेर्ग हा शेतकऱ्याचा पोरगा. कोपनहेगनला शिकून येतो तो एरास्मुस मोंतानुस असं लॅटिन नाव लावून. शिकून आणलंय काय, तर वाद घालायची खुमखुमी. नीले, म्हणजे त्याची आई, समोर सापडते. दगडाला उडता येत नाही, तुलाही येत नाही, म्हणून तू दगड! ती बिचारी खरंच घाबरते, रडायला लागते, पाय आत्ताच गार पडल्यासारखे वाटतात म्हणते. मग हा तिला परत माणसात आणतो: दगडाला बोलता येत नाही, तुला येतं. ज्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं त्यांच्यावरच हा हात साफ करतो, याचा मला प्रत्येक वेळी संताप येतो.

गावही कमी नाही. चर्चचा कारकून पेर अर्धवट आठवणारे लॅटिन शब्द ठणकावून फेकतो आणि गावकरी त्यालाच विजयी ठरवतात. पृथ्वी गोल आहे म्हटल्यावर तर होणारा सासरा येरोनिमुस मुलगी द्यायलाच नकार देतो. इथे एरास्मुसचं शंभर टक्के बरोबर आहे. तरीही हरतो तोच. मुलांनी आईबापांना मारावं हे सिद्ध करून दाखव, अशी पैज लावून एक लेफ्टनंट त्याच्या हातात नाणं टेकवतो. ते निघतं सैन्यभरतीचं, घेतलं की माणूस भरती झालाच! कॉर्पोरलच्या काठीचा प्रसाद मिळाल्यावर पृथ्वी पॅनकेकसारखी सपाट असल्याचं तो कबूल करतो, तेव्हा कुठे सुटका होते.

होल्बर्ग स्वतः कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक होता, १७१७ साली त्याला तत्त्वमीमांसेचं पद मिळालं होतं. लॅटिनमधला हा वितंडवाद त्याने आतून पाहिला होता, म्हणूनच घाव इतका अचूक बसतो. नाटक छापलं गेलं १७३१ मध्ये, पण राजा सहावा क्रिस्तियान धर्मनिष्ठ, त्याच्या काळात नाट्यगृहं बंदच. प्रयोगाला १७४७ उजाडलं.

वाचणार असाल तर धाकट्या भावाकडे, याकोबकडे नीट लक्ष द्या. शेतात राबणारा हा पोरगा थोरल्याला न घाबरता साधे, सरळ प्रश्न विचारतो. सगळ्या नाटकात मला खरा विचार करणारा वाटतो तो तोच.