आपले प्रश्न : ‘क्रीप’ पडले होते का?

प्रश्न : आमच्या म्हापशाच्या कॉलेजातील प्रत्येक गिटारवाला रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचे ‘क्रीप’ वाजवतो. हे गाणे सुरुवातीला पडले होते, हे खरे आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : होय. सप्टेंबर १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झाले, तेव्हा बीबीसी रेडिओ वनला ते फारच उदास वाटले, म्हणून तेथे ते फारसे वाजवले गेले नाही. पुढे इस्रायल आणि अमेरिकेतील रेडिओने उचलून धरल्यावर १९९३ मध्ये ते ब्रिटनमध्ये पुन्हा काढण्यात आले आणि तेथील गाण्यांच्या खपाच्या यादीत ७व्या क्रमांकावर पोचले. धृपदाआधीचे गिटारचे खरखरीत फटके मात्र लक्षपूर्वक ऐका : गाणे फार मवाळ वाटल्यामुळे बँडचे गिटारवादक जॉनी ग्रीनवूड यांनी ते बिघडवण्यासाठीच मारले होते, आणि आमच्या मते (गिटारवाल्यांनी रागावू नये) गाण्याचा जीव नेमका तिथेच आहे.