अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष खुर्ची सोडता सोडता भलत्याच लोकांना माफी देऊन जातात, कोणी अडवत कसं नाही?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बायडननी मुलाला माफ केलं, ट्रम्पनी व्याह्याला माफ केलं, मग कोर्ट-कचेरी कशाला ठेवलीय, आणि उद्या एखादा स्वतःलाच माफ करून मोकळा झाला तर? शेवटच्या भागाकडे शेवटी येतो. आधी जरा माझं पुराण ऐका कारण हा विषय माझ्या डोक्यात बसला तो २००१ च्या जानेवारीत.

मी तेव्हा न्यू जर्सीत होतो. एच-वनवर येऊन पाच महिने झालेले, पहिला प्रोजेक्ट डिसेंबरातच गुंडाळला आणि मी बेंचवर, म्हणजे नोकरी आहे पण काम नाही. डॉटकॉमचा फुगा फुटलेला. कन्सल्टन्सीच्या गेस्टहाऊसवर आम्ही सहा जण, एक राइस कुकर, एक टीव्ही, आणि दिवसभर रेझ्युमे पाठवणे हा एकच उद्योग. त्यात डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद आला, म्हणजे आयुष्यातला पहिला अमेरिकन टॅक्स रिटर्न. आमच्यातला एक नागपूरकर दोन वर्षं जुना असल्यामुळे सगळ्यांचा सीए झाला होता, तो म्हणायचा बाबांनो आकडा नीट लिहा, चाळीस डॉलर चुकले तरी आयआरएस, म्हणजे इथलं आयकर खातं, पत्र पाठवते. आणि आम्ही पेन्सिलने आकडे खोडत बसलेलो असताना टीव्हीवर बातमी काय, तर ४ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त टॅक्स बुडवल्याचा आरोप असलेल्या माणसाला क्लिंटननी जाता जाता माफ केलं. नागपूरकराचा चेहरा मला अजून आठवतो.

तो माणूस म्हणजे मार्क रिच. तेलाचा आणि धातूंचा मोठा व्यापारी. याच्यावर आणि याच्या पार्टनरवर, पिंकस ग्रीनवर, १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खटला भरला गेला, भरणारा सरकारी वकील कोण तर रुडी जुलियानी, पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला तो, तेव्हा तरुण होता. टॅक्सचोरी, फ्रॉड, आणि इराणमध्ये अमेरिकन लोक ओलीस असताना त्याच इराणशी तेलाचा धंदा, असे मिळून पुढे ६५ आरोप झाले. रिच काही कोर्टात उभा राहिला नाही, स्वित्झर्लंडला निघून गेला तो गेलाच, सतरा वर्षं फरार. त्याच्या कंपन्यांनी गुन्हा कबूल करून २० कोटी डॉलरच्या आसपास भरले, पण साहेब स्वतः आले नाहीत.

आता ही माफी मिळाली कशी ते बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. रीतसर मार्ग असा की न्याय खात्यात पार्डन अॅटर्नी म्हणून एक ऑफिस आहे, तिथे अर्ज करायचा, शिक्षा भोगून झाल्यावर सहसा पाच वर्षं थांबायचं, एफबीआय तुमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून येते, मग फाइल वर सरकते. हजारो साधी माणसं त्या रांगेत वर्षानुवर्षं असतात, कोणी तरुणपणी खोटा चेक वटवलेला, कोणी गांजा विकलेला. रिचने काय केलं, क्लिंटनच्याच व्हाइट हाउसमध्ये पूर्वी मुख्य वकील असलेल्या जॅक क्विनना पकडलं आणि अर्ज थेट व्हाइट हाउसमध्ये. पार्डन अॅटर्नीला हे नाव कळलं १९ तारखेची रात्र उलटून २० जानेवारी लागल्यावर, आणि सोबत काय सांगितलं गेलं तर या दोघांची माहिती फारशी मिळणार नाही कारण ते बरीच वर्षं परदेशात राहतात! परदेशात राहतात म्हणे. म्हणजे आपल्याकडे एखादा बँक बुडवून पळतो त्याला 'सध्या बाहेरगावी असतात' म्हणण्यासारखं. ऑफिसच्या लोकांनी शोध घेतल्यावर त्यांना कळलं की हे तर फरार आरोपी आहेत. दुपारी बाराला क्लिंटनची टर्म संपत होती. हे सगळं त्या पार्डन अॅटर्नीने नंतर सिनेटच्या कमिटीसमोर सांगितलं.

त्यातच रिचची घटस्फोटित बायको डेनिस हिने डेमोक्रॅटिक पक्षाला मिळून दहा लाख डॉलरच्या वर आणि क्लिंटन लायब्ररीला साडेचार लाख दिलेले निघाले, मग काय, बोंबाबोंब. क्लिंटननी फेब्रुवारीत पेपरात लेख लिहून सांगितलं की देणग्यांचा संबंध नाही, इस्रायलच्या बड्या लोकांनी रदबदली केली होती (ते खरंच आहे, पंतप्रधान एहुद बराक स्वतः क्लिंटनशी बोलले होते) वगैरे. सरकारी वकिलांनी चौकशी केली, कोणावरही खटला झाला नाही. पुढे क्लिंटन स्वतःच बोलून गेले की राजकारण म्हणून हा निर्णय वाईट होता, नाव खराब झालं त्यामानाने काहीच हाती लागलं नाही. रिच २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्येच मेला. माफी मिळूनही अमेरिकेत परत आलाच नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं.

तर अडवत कोणी का नाही. कारण अडवायची सोयच ठेवलेली नाही. त्यांच्या घटनेत दुसऱ्या कलमात एक ओळ आहे, राष्ट्राध्यक्ष युनायटेड स्टेट्सविरुद्धच्या गुन्ह्यांना माफी देऊ शकतो, इम्पीचमेंट म्हणजे महाभियोग सोडून. बस. संसदेची मंजुरी नको, कोर्टाची नको, कारण द्यायला नको. १८६६ मध्ये सुप्रीम कोर्टाने अजून सैल करून ठेवलं की गुन्हा घडल्यानंतर कधीही माफी देता येते, खटला भरायच्या आधीसुद्धा. अजून एकच कुंपण आहे, फक्त फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे, राज्याच्या कायद्याखालचे नाहीत. म्हणून न्यूयॉर्कच्या कोर्टात ट्रम्प ३४ आरोपांवर दोषी ठरले ते प्रकरण ते राष्ट्राध्यक्ष झाले तरी माफीने पुसता येत नाही.

म्हणजे राष्ट्राध्यक्षाला भीती एकच, मतदाराची. आणि ही भीती किती खरी असते ते फोर्डना विचारा. निक्सन वॉटरगेटमुळे, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घुसखोरी दडपण्याच्या भानगडीमुळे गेले, फोर्ड ९ ऑगस्ट १९७४ ला आले, आणि महिनाभरात, ८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी निक्सनना संपूर्ण माफी. त्यांचा स्वतःचा प्रेस सेक्रेटरी राजीनामा देऊन गेला. लोकप्रियता एका झटक्यात वीसेक टक्क्यांनी आपटली आणि १९७६ ची निवडणूक हरले. हरायला बाकी कारणंही होती, पण हे एक मोठं. माझं मत असं की पुढच्या सगळ्यांनी यातून एकच धडा घेतला आणि तो चुकीचा घेतला, की माफी द्यायची तर मतदान झाल्यावर द्या! नोव्हेंबरात मतदान, २० जानेवारीला दुपारी १२ वाजता खुर्ची खाली, मधले अडीच महिने हातात पेन आहे आणि समोर मतदार नाही. आपल्याकडे बदलीची ऑर्डर आलेला साहेब शेवटच्या आठवड्यात टेबलावरच्या सगळ्या फायली कशा सह्या करून मोकळ्या करतो, तसंच.

थोरले बुश बघा. नोव्हेंबर १९९२ ला हरले, २४ डिसेंबरला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, इराण-काँट्रा प्रकरणातल्या (इराणला चोरून शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांना दिल्याचं प्रकरण) सहा जणांना माफी. त्यातले माजी संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांचा खटला ५ जानेवारीला उभा राहणार होता, म्हणजे बारा दिवसांवर. त्या खटल्यात बुश स्वतः उपराष्ट्राध्यक्ष असताना काय माहीत होतं हेही निघालं असतं. मार्क रिचवर सिनेमासारखी चर्चा होते पण मला विचाराल तर ही माफी त्याहून गंभीर, कारण तिने चालू तपासच संपवला.

ट्रम्पच्या व्याह्याचं म्हणाल तर चार्ल्स कुशनर, आमच्या न्यू जर्सीचेच बिल्डर, त्यामुळे तिकडच्या पेपरात रोज चवीने यायचं. टॅक्स, बेकायदा राजकीय देणग्या, आणि साक्षीदारावर दबाव. हा साक्षीदार कोण तर सख्ख्या बहिणीचा नवरा. मेव्हण्याला अडकवायला वेश्या लावली, टेप केली, आणि ती टेप बहिणीला पाठवली. भाऊबीज तरी कशी झाली असेल त्या घरात (ज्यू कुटुंब आहे, माहितीये, पण विचार आलाच मनात). शिक्षा भोगून झाली होती, डिसेंबर २०२० मध्ये माफी मिळाली आणि ट्रम्प परत आल्यावर फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत. त्याच डिसेंबरात ब्लॅकवॉटर या खासगी सुरक्षा कंपनीच्या चार गार्डना माफी दिली, ज्यांनी २००७ मध्ये बगदादच्या निसूर चौकात नि:शस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या, १७ इराकी मेले. याच्यावर त्यामानाने कमी बोललं गेलं.

आता बायडन. हंटरचं, म्हणजे मुलाचं, सगळ्यांना माहीत आहे, जूनमध्ये म्हणाले माफी देणार नाही, १ डिसेंबर २०२४ ला दिली, आणि तीही जवळजवळ ११ वर्षांत जे काही केलं असेल त्या सगळ्याला. २० जानेवारीला तर शपथविधी व्हायला काही मिनिटं उरलेली असताना दोन भाऊ, बहीण, वहिनी, मेव्हणे यांचीही यादी आली, ज्यांच्यावर खटलाही नव्हता. कारण सांगितलं की ट्रम्प सूड घेतील. असेलही भीती खरी, बाप म्हणून मला समजतं, पण मग पुढच्या प्रत्येकाला आयता नमुना मिळाला ना, की जाताना अख्खं घर धुऊन घ्यायचं.

पण मला हंटरपेक्षा १२ डिसेंबरची यादी जास्त टोचली. त्या दिवशी एकदम १४९९ जणांच्या शिक्षा कमी केल्या. हे लोक कोविडच्या काळात तुरुंगातून घरी नजरकैदेत पाठवलेले, वर्षभर नीट वागलेले, हिंसेचा गुन्हा नसलेले. कल्पना चांगलीच आहे, मी बाजूनेच आहे. पण गठ्ठ्याने केलं की काय होतं. इलिनॉयमध्ये डिक्सन नावाचं गाव आहे, पंधरा-सोळा हजार वस्तीचं, रेगन लहानपणी तिथे राहायचे. तिथल्या रीटा क्रंडवेल या बाईंकडे गावाचा सगळा हिशोब. बाईंनी वीसेक वर्षांत गावाचे ५ कोटी ३० लाख डॉलरच्या वर खाल्ले. गावाचं वर्षाचं बजेटच ऐंशी-नव्वद लाखांचं. रस्ते दुरुस्त करायला पैसे नाहीत, नोकरकपात चालू, आणि बाईंच्या पागेत चारशेच्या आसपास जातिवंत घोडे, शोमध्ये बक्षिसं मिळवणारे. पकडली कशी, तर बाई लांब रजेवर गेल्या, बदली कारकून बाईने बँकेकडून सगळी स्टेटमेंट मागवली आणि त्यात एक खातं निघालं जे गावात कोणालाच माहीत नव्हतं. साडेएकोणीस वर्षांची शिक्षा २०१३ मध्ये झाली, साडेआठ वर्षांत घरी, आणि मग त्या यादीतून पूर्णच मोकळी. ज्याच्या घरात पतपेढी बुडाली असेल त्याला त्या गावाला काय वाटलं असेल हे सांगायला नको.

त्याच यादीत पेनसिल्व्हेनियाचा मायकल कोनाहन, हा तर न्यायाधीश. याने आणि त्याच्या सोबतच्या न्यायाधीशाने खासगी बालसुधारगृहवाल्यांकडून २८ लाख डॉलर घेतले आणि पोरांना बारीकसारीक कारणांवरून तिथे डांबलं गेलं. राज्याचे गव्हर्नर बायडनच्याच पक्षाचे, तेसुद्धा जाहीरपणे चिडले. कोणी मुद्दाम या दोघांना निवडलं असं मी म्हणत नाही, नियमात बसले म्हणून आले, पण सह्या करण्याआधी १४९९ नावं कोणीतरी एकदा वाचायला हवी होती की नाही?

आणि एकदा दिलेली माफी मागे घेता येते का? जवळपास नाही. धाकट्या बुशनी डिसेंबर २००८ मध्ये ब्रुकलिनच्या एका बिल्डरला माफी दिली, दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच्या वडिलांनी पक्षाला देणगी दिलीय, लगेच मागे घेतली, म्हणे कागद अजून हातात पडला नव्हता. तेवढीच फट.

आपल्याकडे हे असं होत नाही कारण कलम ७२ मध्ये राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सही करतात. प्रतिभाताई पाटलांनी शेवटच्या काही महिन्यांत बऱ्याच फाशी जन्मठेपेत बदलल्या, एकूण आकडा तीसच्या वर गेला, तेव्हा शिव्या सगळ्या ताईंनी खाल्ल्या पण फायली गृहखात्यातून आल्या होत्या. वर आपल्याकडे कोर्टही बघू शकतं. कोल्हापूरच्या गावित बहिणींचा दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला गेला तरी २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने सरकारी दिरंगाईवर बोट ठेवून त्यांची फाशी जन्मठेपेवर आणली. आपलं बरं की त्यांचं बरं, मला नक्की ठरवता येत नाही. तिथे निदान कोणी सही केली ते कळतं, आपल्याकडे फाइल कुठे किती वर्षं झोपली होती हेच शोधावं लागतं.

राहिलं स्वतःला माफ करण्याचं. कोर्टात हे आजवर कोणी तपासून बघितलेलं नाही. न्याय खात्याचा एक जुना अभिप्राय आहे, ५ ऑगस्ट १९७४ चा, की स्वतःच्या खटल्यात कोणी स्वतः न्यायाधीश होऊ शकत नाही, म्हणून नाही. चार दिवसांनी निक्सन गेले, आणि महिन्याभरात फोर्डनी सही केल्यामुळे तो अभिप्राय वापरायची वेळच आली नाही.