जुन्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये कुठलं ऑइल?

आधी गाडीचं मॅन्युअल काढ आणि त्यात काय लिहिलंय ते बघ. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे प्रकार. दुकानदार ‘जीएल-५ घ्या, भारी आहे’ म्हणेल. ऐकू नकोस. जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये सिंक्रोनायझरच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) रिंगा बहुधा पितळी असतात. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात. काही ऑइलमधली ती पितळ खातात. शिवाय ऑइल जास्त निसरडं झालं की रिंगांना हवं तेवढं घर्षण मिळत नाही आणि गिअर कुरकुरत पडतात. जीएल-४ सांगितलंय तर जीएल-४च. आणि हो, काही गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला चक्क एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लागतं, म्हणून अंदाजपंचे काही ओतू नकोस.

डब्यावर ७५डब्ल्यू हवं की ८०डब्ल्यू यावर लोक तावातावाने भांडतात. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा. मुंबईत थंडी असते कुठे?

बदलताना गाडी थोडी फिरवून आण, ऑइल पातळ होतं. भरायचा बोल्ट आधी सैल कर, मगच खालचा उघड. वरचा गंजून अडकला असेल तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागेवरच बसेल. खालच्या, चुंबकाच्या बोल्टवर राखाडी चिखल दिसला तर घाबरू नकोस. ऑइलमध्ये सोनेरी चमक म्हणजे रिंगा झिजतायत, दाताचे तुकडे निघाले तर थेट मेकॅनिक. पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर मुदतीची वाट बघू नकोस. ऑइल दुधाळ निघालं की पाणी शिरलंय. नवीन ऑइल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भर. जुनं गटारात टाकायचं नाही, गॅरेजवाल्याकडे दे.