जशी होती तशी लिही

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा वर्षश्राद्धाच्या पत्रिकेचा मजकूर घेऊन आलास आणि ‘बाई, जरा हात फिरवा यावरून’ म्हणालास. मी कागद तसाच परत दिला. तुला लागलं असेल. पण चार ओळींत त्यागमूर्ती, मायेचा सागर, देवमाणूस, आणि तुझी आई कुठेच नाही! हा मजकूर गावातल्या कुठल्याही आईच्या फोटोखाली छापता येईल.

चपला घालताना दारात जे बोललास, ते मात्र खरं होतं. बंगळूरची नोकरी धरलीस म्हणून आई शेवटचे नऊ दिवस तुझ्याशी बोलत नव्हती. आता डोळे मिटले की तिचा तो फुगलेला चेहराच समोर येतो, चांगलं काही आठवतच नाही. अरे, मग तेच लिही. रुसली की ती काय करायची? भांडी आपटायची? तुझं ताट वाढून झाकून ठेवायची, की तुझ्या भावाकरवी निरोप धाडायची? जशी होती तशी लिही. पत्रिकेत नको, वहीत लिही. पत्रिकेचं तुझे मामा बघतील.

माझी आई मुळशी खोऱ्यातली. पहाटे जात्यावर बसायची. ‘पहिली माझी ओवी’ कानावर आलं की मी गोधडी डोक्यावरून ओढून घ्यायची. तिच्या ओव्यांत माहेर होतं, पांडुरंग होता, माझा भाऊ होता, सासूबद्दलची तक्रारही होती. मग गावात गिरणी आली, जातं थांबलं आणि त्याबरोबर तिचं गाणंही. मी शिक्षिका झाले, दुसऱ्यांच्या मुलांना कविता शिकवत राहिले. ती सत्तरीला आली तेव्हा कुठे मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटलं, सांग. तिनं दोनदा तोंड उघडलं, पुढे सरेना. म्हणाली, ‘खुंटा हातात न्हाई, तर तोंडात कशी येईल गं?’ जातं तेव्हा परसात उलटं पडलेलं होतं, त्यावर आम्ही धुणं धूत होतो. आपण जातं सरळ करू, उद्या बसू, असं मी म्हणाले. उद्याचं पुढच्या सुट्टीवर गेलं. त्या सुट्टीआधी ती गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत बाईचं नाव आहे, गाव आहे. मी ती नावं किती रात्री वाचत बसले असेन! कुणाकुणाच्या आया आहेत त्यात. माझी नाही. पन्नास पावलांवर जातं होतं, माझ्या हातात पेन होतं, आणि माझी नाही.

म्हणून मागाहून मी तिच्याबद्दल आठवेल ते लिहून काढलं. त्यात हेही लिहिलं की धाकट्याला सांभाळायला तिनं मला सातवीतून काढलं होतं. भाऊ त्यावरून वर्षभर बोलला नाही. ‘मेलेल्या आईची बदनामी करतेस’ म्हणाला. मी ती ओळ खोडली नाही, अजूनही खोडणार नाही. कारण पुढच्या जूनमध्ये तीच आई वहाणा हातात घेऊन शाळेच्या ओट्यावर उभी राहिली होती, मास्तरांना म्हणत होती, ‘माझी चूक झाली, पोरीला परत घ्या.’ पहिली ओळ खोडली तर ही बाई ओट्यावर कशाला उभी आहे, ते कुणाला कळणार? भावाला हे समजावताना मी फार चिडून बोलले, ते खरं. तसं बोलायला नको होतं. लिहिलं ते मात्र बरोबरच होतं.

आता तुझं. आईचा मोबाईल धाकट्याला देणार म्हणालास. आधी त्यातले तिचे आवाज काढून घे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे, ‘दूध आणलंस का’ एवढंच असलं तरी. दोन ठिकाणी ठेव. तिच्या नंबरचं रिचार्ज बंद करू नकोस, बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला दिला जातो. मावशी आहे तोवर तिच्याकडे जा, पण समोर वही उघडून ‘आठवणी सांग’ म्हणू नकोस. तिच्यासोबत भाजणी भाजायला बस. हात चालू झाला की ती आपोआप बोलेल. आणि जे बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरव, प्रमाणभाषेत सुधारू नकोस. मी तुझे निबंध सुधारले, ती सवय इथे नको.

ते नऊ दिवसही लिही. तू फोन केला नाहीस, तिनंही केला नाही. दोघंही हट्टी. जशी होती तशी, आणि तू जसा होतास तसा.

रविवारी ये. पहिलं पान दाखवू नकोस, वाचून दाखव. जातं आता मी घरात आणलं आहे, खालच्या खोलीत. येताना किलोभर नाचणी घेऊन ये.

तुझ्या बाई