पोरगं बिघडलं नाही, पक्कं शिकलंय

"ताई, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, मुलगा चौथीत आहे. संध्याकाळी स्वयंपाकाच्या टायमाला मोबाईलसाठी एवढा रडतो की शेजारचे विचारायला येतात. मी नाही म्हणते, पण सासूबाई म्हणतात दे की गं, लेकरू रडायलंय. अभ्यास करावा म्हणून पानाला दहा रुपये चालू केले, आता पैसे दाखवल्याशिवाय वही उघडत नाही. चित्रं काढायचा नाद होता, मी कौतुकानं त्याचेपण पैसे दिले, आता तेही मागून घेतो. शिवी दिली की पाच रुपये दंड ठेवला, तर परवा डब्यात दहाचं नाणं टाकून म्हणतो आता दोनदा देऊ शकतो. गणिताचा पेपर दप्तराच्या पुठ्ठ्याखाली लपवलेला सापडला, ह्यांनी दोन कानाखाली ओढल्या, तेव्हापासून माझ्याशीपण खोटं बोलतो. ह्यांचं म्हणणं माराशिवाय सुधरत नाही. मला मारणं पटत नाही पण माझंही काही चालेना. पाढे पाठ केलास तर गड्ड्याच्या जत्रेला नेईन असं सांगून ठेवलंय, ते तरी बरोबर आहे का? नेमकं काय करू ओ? – वैतागलेली आई"

अगं बाई, आधी त्या दहाच्या नाण्याचं बोलू, कारण ते वाचून मी एकटीच हसत बसले. पोरगं हुशार आहे गं. तू दंड लावलास, त्यानं तो भाव समजला, आणि मोठी माणसं काही वेगळं करत नाहीत. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांत असाच प्रयोग केला होता, २००० साली छापून आला तो. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांनी उशिराला दंड लावला, तर उशिरा येणारे कमी व्हायचे सोडून जवळपास दुप्पट झाले! आधी बाई ताटकळत बसल्यात म्हणून लाज वाटायची, आता काय, पैसे भरले की हिशोब मिटला. पुढं दंड काढून टाकला तरी उशीर काही कमी झाला नाही, एकदा गेलेली लाज परत आली नाही. म्हणून तो डबा आजच बंद कर. शिवी आली की तेवढ्यापुरतं त्याच्याशी बोलणं थांबव, त्याच्याकडं बघून हसू तर अजिबात नको (आज्जी हसतात ना? मला खात्री आहे हसत असणार), आणि नीट बोलला की हातातलं काम सोडून लगेच उत्तर दे.

आता मोबाईल, खरं दुखणं तिथं आहे.

तू नाही म्हणतेस पण शेवटी द्यावा लागत असणार, कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानी, कधी पाहुणे आले म्हणून लगेच. म्हणजे किती रडलं की मिळतो ते त्याला माहीत नाही, पण रडत राहिलं की कधीतरी मिळतोच हे पक्कं माहीत आहे. सगळ्यात चिवट सवय अशीच लागते. स्किनर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता, त्यानं उंदीर आणि कबुतरांवर वर्षानुवर्षं हेच तपासलं. दरवेळी दाणा मिळत असेल आणि मग बंद झाला, तर प्राणी दांडी दाबायचं लवकर सोडतो. पण दाणा कधी मिळतो कधी नाही असं असेल तर बंद झाल्यावरपण किती वेळ दाबतच राहतो. आपल्या नळाचं घे ना. पाणी कधी चार दिवसांनी, कधी पाच, टायमिंगचा पत्ता नाही, म्हणून तर अख्खी गल्ली कान नळाकडं लावून बसते आणि रात्री-बेरात्री उठून चावी फिरवून बघते. रोज सकाळी सहाला यायला लागलं तर कोण बघेल? तुझा मुलगा तीच चावी फिरवतोय.

आणि त्याचं शिकणं एकीकडं, इथं तूपण शिकलीयस. भाकरी थापताना हात पिठाचे, तवा तापलेला, कानात रडणं, शेजारीण दारात, तू पिठाच्याच हातानं मोबाईल दिलास की एका सेकंदात सगळं गप्प. ती शांतता हेच तुझं बक्षीस झालं. म्हणून उद्या तुझा हात आणखी लवकर मोबाईलकडं जातो. तो रडून तुला शिकवतो आणि तू मोबाईल देऊन त्याला शिकवतेस, दोघंही एकमेकांचे मास्तर. ह्यात कुणी वाईट नाही, म्हणून स्वतःला बोल लावत बसू नको.

करायचं काय, तर मोबाईल रडण्यापासून तोडायचा. रोज ठरलेल्या वेळी ठरलेली वीस मिनिटं, गृहपाठ झाला की, रडला तरी तेवढीच आणि नाही रडला तरी तेवढीच. बाकी वेळ रडून काही मिळणार नाही. पण सुरू करायच्या आधी सासूबाईंना घेऊन बस, त्यांना विरोधी पार्टी करू नको, उलट वेळ संपली की मोबाईल काढून घेऊन ठेवायचं काम त्यांच्याकडंच दे, मान राहतो आणि चोरून द्यायचा रस्ताही बंद होतो. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते नाहीतर तिसऱ्या दिवशी मला शिव्या घालशील: पहिले काही दिवस रडणं वाढणार. आजवर चाललेली युक्ती चालेना झाली की माणूस आधी ती जोरात करून बघतो, लिफ्ट आली नाही की आपण बटण धडाधड दाबतो ना तसंच. तिथं एकदा जरी हार मानलीस तर तो शिकेल की आता एवढं जोरात रडायचं असतं. म्हणून घरात लग्नकार्य, पाहुणे, ह्यांची नाईट शिफ्ट असलं काही असेल त्या आठवड्यात सुरूच करू नको. शेजारणीला आधीच सांगून ठेव, आठ-दहा दिवस आवाज येईल, विचारायला येऊ नका.

पैशांचं. १९७३ साली अमेरिकेत लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला, स्केचपेननं चित्रं काढायला आपणहून बसणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर आधी कबूल केलेल्या मुलांचा चित्रातला वेळ बाकीच्यांच्या साधारण निम्म्यावर आला होता. न सांगता दिलेल्यांना काही फरक पडला नाही. म्हणजे खेळाचं काम कशानं झालं ते कळलं ना? चित्रांचे पैसे आजपासून बंद, आणि "किती छान" एवढंच म्हणून सोडू नको, बस त्याच्याजवळ, हा बैल असा का काढला विचार. अभ्यासाचं थोडं वेगळं आहे, ज्यात मुळातच गोडी नाही तिथं सुरुवातीला छोटं बक्षीस चालतं. पण पैसे नकोत. गृहपाठ झाला की खाली क्रिकेट, आधी नावडतं मग आवडतं, हे रोज त्याच क्रमानं. पैसे एकदम कापलेस तर तो संप करेल, म्हणून या महिन्यात दहाचे पाच कर आणि पुढच्या महिन्यात शून्य, आणि त्याला आधी सांगून कर.

आता तुझे मालक. मारामुळं काय होतं ते तूच लिहून पाठवलंयस, तेव्हापासून तुझ्याशीपण खोटं बोलतो ते. मारानं गणित येत नाही, मारानं पेपर लपवायला येतो. पण ह्यांनाही दिसतं ते वेगळंच, कानाखाली दिली की पोरगं गप्प, म्हणजे मारणाऱ्याला लगेच फळ मिळतं आणि नुकसान महिन्यांनी कळतं, मग हात उठायची सवय कशी सुटेल? शाळेत मारायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदीच आहे, मास्तरला जे करता येत नाही ते घरी कशाला. घरात नियम एकच करा: पेपर स्वतः आणून दाखवला तर मार्क कितीही असोत, आरडाओरडा नाही, मार नाही, सही करून द्यायची आणि एक चुकलेलं गणित बरोबर बसून सोडवायचं. पहिला पेपर कमी मार्कांचाच येईल. त्या वेळी ह्यांचा चेहरा कसा राहतो त्यावर पुढचे सगळे पेपर अवलंबून आहेत, हे त्यांना आधी सांगून ठेव. आणि मार दोन कानाखालींच्या पुढं जात असेल, वळ उठत असतील किंवा हात तुझ्यावरही उठत असेल, तर ह्या युक्त्यांचा काही उपयोग नाही. मग आधी माहेरच्या कुणाला तरी सांग. मुलांसाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन करायला लाजू नको.

गड्ड्याचं आमिष मात्र काढून टाक. जानेवारीतली जत्रा आज नऊ-दहा वर्षांच्या पोराला फार लांब, आज पाढे म्हटल्याचं फळ इतक्या दिवसांनी मिळालं तर दोन्हीचा संबंधच त्याच्या डोक्यात लागत नाही. सातचा पाढा आला की त्याच संध्याकाळी सिद्धेश्वर तळ्यावर चक्कर, असं काहीतरी लगेचचं ठेव. आणि समजा पाढे आलेच नाहीत, तर तू खरंच त्याला घरी ठेवून सगळ्यांना घेऊन होम मैदानावर जाणार आहेस का? नाही ना? तो हे आत्ताच ओळखून बसलाय.